सायकलसाठी छोटा टॉर्क रेंच घेताना

राम राम मंडळी. काय भो, कसं काय चाललंय? आज जरा सायकलवर बोलू, म्हणजे चालवण्यावर नाही, ती खोलून परत बसवण्यावर. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, सगळीकडं आता गिअरच्या सायकली दिसायला लागल्यात. रविवारी पहाटे कोणी लळिंगचा घाट चढतंय, कोणी चाळीसगावहून पाटणादेवीला चाललंय, आणि मग सायकल घरीच उघडून बघायची हौस येतेच, यायलाच पाहिजे. एलन कीचा, म्हणजे वाकड्या षटकोनी चाव्यांचा, सेट आणला, मोबाईलवर व्हिडिओ लावला, की झालं सुरू. पण एक अवजार बहुतेक जण सगळ्यात शेवटी घेतात, आटे गेल्यावर. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराएवढाच आवळता यावा म्हणून असलेला पाना.

एक आधीच सांगतो, घरी फक्त जुनी काळी लोखंडी सायकल असेल तर हा खर्च करूच नका. तिचं हँडल लोखंडी, फ्रेम लोखंडी, क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्याला, कॉटर पिनची पाचर, ती तर हातोडीनंच ठोकायची. मिस्त्रीनं अंगातला सगळा जोर लावला तरी तिला काही होत नाही. नव्या सायकलीचं तसं नाही ना. हँडल धरून ठेवणारा जो तुकडा, स्टेम म्हणतात त्याला, तो ॲल्युमिनियमचा आणि त्यात जाणारा बोल्ट स्टीलचा, जेमतेम पाच मिलिमीटर जाडीचा. मऊ धातूत कडक बोल्ट. जास्त आवळला की आटे बहुतेक वेळा बोल्टचे नाही, स्टेमचे जातात, आणि बोल्ट चिल्लरमध्ये मिळतो, स्टेम नाही मिळत.

म्हणून स्टेमवर बारीक अक्षरात आकडा कोरलेला असतो, 5 एनएम, म्हणजे पाच न्यूटन मीटर. हे किती? दहा सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला पाच किलो वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल, जवळपास तेवढा. आता एलन कीची लांब बाजू सात-आठ सेंटिमीटरची धरा, तिच्या टोकाला साडेसहा-सात किलोचा जोर पडला की झाले पाच. सात किलो म्हणजे रावेरकडच्या केळीच्या अर्ध्या घडाएवढंही वजन नाही! आपला हात एवढ्यावर थांबत नाही, तो म्हणतो अजून थोडं टाईट असू दे, सुटायला नको. आणि जो घाबरून कमी आवळतो त्याचं वेगळंच, तोरणमाळचा घाट उतरताना खड्ड्यात चाक गेलं आणि हँडल पुढं फिरलं तर काय होईल ते मी सांगायला नको.

आता घ्यायचा कोणता. बरेच जण म्हणतात, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडं टॉर्क रेंच आहे ना, त्याच्याकडून आणू. तो असतो अर्धा इंच ड्राइव्हचा, म्हणजे पुढं जो चौकोनी खुंट असतो तो अर्ध्या इंचाचा, गाडीच्या चाकाचे नट आवळायचा, त्याची सुरुवातच वीस-पंचवीस एनएमच्या पुढं होते, कधी चाळीसला होते, पाचवर तो टिक करणारच नाही आणि टिकची वाट बघत ओढत राहिलात की बोल्ट गेला समजा. आपल्याला पाहिजे पाव इंच ड्राइव्हचा छोटा, 2 ते 14 किंवा 2 ते 20 अशा रेंजचा. स्टेमचे बोल्ट साधारण 4 ते 6, सीटच्या दांडीचा क्लॅम्प 5 ते 7, डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबून धरणारा भाग, 6 ते 8, शिमानोच्या दोन बोल्टवाल्या क्रँकला 12 ते 14, सगळं यात बसतं. तरी आपल्या पार्टवर किंवा कंपनीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच खरा, आणि पुढं मॅक्स लिहिलं असेल तर तिथपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही, त्याच्या पुढं जायचं नाही एवढाच अर्थ. राहिलं कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांचं, लॉकरिंग आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकच्या मधलं बेअरिंग, त्यांना चाळीसच्या आसपास लागतं, पण तिथं थोडं इकडंतिकडं झालेलं चालतं, जाड आटे असतात, ते काम दुकानात करून घ्या. एकाच पान्यात 2 पासून 60 पर्यंत सगळं देतो असं कोणी म्हणालं तर मी तरी नाही घेणार. असले पाने त्यांच्या कमाल आकड्याच्या वीस टक्क्यांपासून वरच भरवशाचे धरतात, म्हणजे साठच्या पान्याचा भरवसा बारापासून सुरू, आणि आपली नाजूक कामं सगळी बाराच्या खाली.

प्रकार तीन-चार आहेत. आकडा लावून ठेवायचा आणि तिथं पोचला की टिक करतो तो क्लिकवाला, सगळ्यात जास्त खपतो. पण पाचवर त्याची टिक फार बारीक असते बरं का, बाजूला कूलर सुरू असेल तर ऐकूही येत नाही, हाताला जाणवते, म्हणून हळू ओढायचं आणि एकदा टिक झाली की बस, खात्रीसाठी परत टिक करायची नाही. दुसरा काट्याचा, एक सरळ दांडी वाकते आणि काटा पट्टीवर आकडा दाखवतो. दिसायला अगदी साधा, पण बिघडण्यासारखं त्यात काहीच नाही, काटा शून्यावर नसेल तर हातानं वाकवून आणायचा. फक्त समोरून सरळ बघावं लागतं, तिरकं बघितलं की आकडा चुकतो. तिसरा ठरावीक आकड्याचा, 4, 5 किंवा 6, तिथं पोचला की पुढं जोरच जाऊ देत नाही. ज्याला फक्त हँडल आणि सीट करायचीय त्यानं पाचचा घ्यावा आणि विषय संपवावा. डिजिटलही मिळतो, पण आकडा बघायला आणखी एक बॅटरी सांभाळायची, मला नाही पटत.

सोबतचे बिट, म्हणजे पान्याला लावायची टोकं, मात्र नीट बघून घ्या, चार आणि पाच मिलिमीटरचे षटकोनी आणि चांदणीच्या आकाराचा टी 25. मऊ लोखंडाचे बिट दोन-चार वेळातच गोल होतात आणि बोल्टचं डोकंही खातात, मग पाना कितीही भारी असला तरी काय उपयोग.

पाना खरं बोलतो का हे घरीच बघता येतं. त्याचा चौकोनी ड्राइव्ह बाकात, म्हणजे व्हाइसमध्ये घट्ट धरा, मूठ आडवी राहील अशी, आणि मुठीच्या मधोमध, ड्राइव्हपासून वीस सेंटिमीटरवर, दोरीनं पिशवी टांगा. तिच्यात पाण्याच्या बाटल्या ठेवून वजन अडीच किलो करा, पिशवी धरून. हिशोबानं 4.9 येतं आणि पान्याचं स्वतःचं वजन जरासं भर घालतं. पाचवर लावलेला पाना इथं टिक करायला आला पाहिजे, साडेतीनवर लावूनही टिक करत नसेल तर परत करा. अर्ध्या-पाव न्यूटन मीटरचा फरक सोडून द्या, चांगल्या पान्यालाही चार-सहा टक्के इकडंतिकडं माफ असतं.

स्टेमचे समोरचे चार बोल्ट एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत, फुलीसारखे समोरासमोर, थोडे थोडे, वरची आणि खालची फट सारखी ठेवत. आणि सगळ्यात वरच्या झाकणाचा बोल्ट आवळला म्हणजे हँडल पक्कं झालं असं समजू नका, तो फक्त बेअरिंगची ढिलाई काढायला असतो, हँडल धरतात ते स्टेमचे बाजूचे बोल्ट.

काम झालं की क्लिकवाला पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आतली स्प्रिंग दाबलेली राहू देऊ नका. त्यानं बोल्ट सोडवायचे नाहीत, सोडवायला साधी एलन कीच घ्या. शेजारचा पोरगा पायडल काढायला मागायला आला तर त्याला पंधराचा पाना द्या, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हेही सांगा, नाहीतर तो सोडतोय समजून आवळतच बसेल.