पदवीची किंमत, पगाराच्या महिन्यांत

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. स्वयंपाकघरातले दिवे नुकतेच लागले आहेत आणि स्टीलच्या लांब टेबलापाशी एक वीस वर्षांची मुलगी कांद्याच्या गोणीसमोर उभी आहे. तिच्या डाव्या हाताची बोटे पाहा. टोके आत दुमडलेली आहेत, मधली पेरे पुढे आहेत आणि सुरीचे पाते त्या पेरांना टेकून खाली-वर होते आहे. पहिल्या आठवड्यात एक किलो कांदा चिरायला तिला जेवढा वेळ लागत असे, तेवढ्या वेळात ती आता तीन किलो चिरते. उजव्या तर्जनीच्या बुडाशी, जिथे सुरीची पाठ घासते, तिथे घट्टा पडला आहे. तिच्या पिशवीत पाककलेच्या पदवी अभ्यासक्रमाचे प्रवेशपत्र आहे आणि फी भरण्याची मुदत पंधरा दिवसांवर आली आहे.

ही फी भरावी की नाही, याचे उत्तर बहुतेक जण एखाद्या नामवंत शेफकडे पाहून देतात. तो हिशेब मुळातच चुकतो. अभ्यासक्रम पूर्ण करणारा विद्यार्थी स्वयंपाकघरात शेफ म्हणून पाऊल टाकत नाही. तो कॉमी म्हणून, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरून सुरुवात करतो. पदवीचा खर्च मोजायचा तर तो त्या पायरीवरच्या पगारात मोजला पाहिजे. देश कोणताही असो आणि चलन कोणतेही असो, प्रश्न एकच विचारावा : फी, राहण्याचा खर्च आणि साहित्य मिळून कॉमीचे किती महिन्यांचे पगार होतात?

समजा, उत्तर 30 आले. ही सगळी रक्कम 10 टक्के व्याजाने कर्जाऊ घेतली, तर वर्षाचे व्याजच तीन पगारांइतके होते. आता नोकरी लागल्यावर पगाराचा पाचवा हिस्सा, कितीही ओढाताण झाली तरी, नियमाने बाजूला टाकला, तर वर्षभरात 2.4 पगार साठतात. म्हणजे मुद्दल राहिले दूर, व्याजाचीही तोंडमिळवणी होत नाही आणि मनापासून हप्ते भरणाऱ्या माणसाचे कर्ज दरवर्षी थोडे वाढत जाते. पुढे पगार वाढतो, हे खरे आहे. परंतु तो कर्जाच्या गतीने वाढेल, याची हमी कोणतीही संस्था देत नाही.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2015 साली एक नियम लागू केला होता. व्यवसाय-शिक्षण देणाऱ्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांचे कर्जाचे वार्षिक हप्ते त्यांच्या वार्षिक मिळकतीच्या 8 टक्क्यांपेक्षा, किंवा जीवनावश्यक खर्च वजा जाता उरणाऱ्या मिळकतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, अशी ती कसोटी होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ल कॉर्दाँ ब्ल या मूळच्या पॅरिसमधील पाकविद्यालयाच्या नावाने अमेरिकेत चालणाऱ्या सर्व 16 शाखा बंद करण्याची घोषणा तिथल्या चालक कंपनीने केली आणि नव्या नियमांचे कारण पुढे केले. तो नियम पुढे रद्द झाला. कसोटी मात्र कोणालाही घरबसल्या लावून पाहता येते, कारण वर्षाच्या मिळकतीचे 8 टक्के म्हणजे जवळजवळ एक पगार. वर्षभराचे हप्ते एका पगारात बसत असतील, तर कर्ज पेलवते. वरच्या उदाहरणात नुसते व्याजच तीन पगारांचे आहे.

या खर्चात एक भाग असा असतो, जो फीच्या पावतीवर दिसत नाही. दोन वर्षे वर्गात बसणारा विद्यार्थी 24 पगार सोडून देतो आणि तेवढ्याच काळात त्याच्या बरोबरीचा मुलगा स्वयंपाकघरात राहून एखादी पायरी वर चढलेला असतो. तीन-चार वर्षांच्या पदवीत हे अंतर आणखी वाढते.

स्वयंपाक शिकण्यासाठी विद्यार्थ्याने पैसे मोजावेत, ही कल्पना तशी अलीकडची आहे. ज्यांनी आधुनिक व्यावसायिक स्वयंपाकघराची श्रेणीरचना घडवली, ते ऑग्युस्त एस्कॉफिए 1859 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, नीस शहरात काकांच्या रेस्टॉरंटमध्ये उमेदवारीला लागले होते. पॅरिसमध्ये ल कॉर्दाँ ब्ल हे विद्यालय सुरू झाले 1895 साली. क्युलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका 1946 साली स्थापन झाले, तेव्हा महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना हाताला काम देणे हा त्यामागचा हेतू होता आणि माजी सैनिकांच्या शिक्षणाचा भार सरकार उचलत होते. जर्मनीत आजही स्वयंपाकी होण्यासाठी साधारण तीन वर्षांची उमेदवारी करावी लागते. आठवड्याचा काही वेळ शाळेत, उरलेला प्रत्यक्ष कामावर आणि त्या काळात उमेदवाराला पगार मिळतो. तेच कौशल्य एका ठिकाणी पगार घेऊन शिकता येते आणि दुसऱ्या ठिकाणी कर्ज काढून, ही गोष्ट अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येकाला ठाऊक असावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

मग पदवीने पदरात काय पडते? हात बसायला पदवी लागत नाही. त्याला गोण्याच लागतात. पदवी देते ती कारणे. या चुलीवरचा स्टॉक, म्हणजे हाडे मंद आचेवर शिजवून काढलेला रस, पाहा. हाडे गार पाण्यात घातली आहेत, आच मंद आहे आणि पृष्ठभागावर अधूनमधून एखादाच बुडबुडा फुटतो आहे. कामावरचा वरिष्ठ एवढेच सांगतो की याला उकळी येऊ देऊ नकोस. उकळीच्या खळबळीने चरबीचे बारीक कण आणि प्रथिनांचा साका पाण्यात मिसळून जातो आणि स्टॉक गढूळ होतो, हे समजावून सांगायला भर सर्व्हिसमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांची ताटे जात असताना, त्याच्याकडे सवड नसते. कारण कळलेला माणूस तोच नियम दुसऱ्या पदार्थाला लावू शकतो. न कळलेल्याला प्रत्येक पदार्थ नव्याने शिकावा लागतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे आणि आमच्या मते तिचे मोल पाककृतींहून अधिक आहे. 10 किलो माल घेतला आणि साफ करून 7 किलो उरला, तर वापरातल्या किलोचा भाव खरेदीच्या भावापेक्षा सुमारे 43 टक्क्यांनी जास्त पडतो. हा फरक न धरता ताटाची किंमत ठरवणारा उत्तम स्वयंपाकी रोज रांगा लागलेल्या रेस्टॉरंटमध्येही तोट्यात जातो. हे शिक्षण चांगल्या अभ्यासक्रमात पद्धतशीर मिळते. कामावर मात्र ते वर्षानुवर्षे कॉमीच्या कानावरही पडत नाही, कारण ते कागद शेफच्या खोलीत असतात.

पदवीमुळे कोणते दरवाजे उघडतात, हे तुम्हाला कुठे जायचे आहे त्यावर ठरते. मोठ्या हॉटेल साखळ्यांची व्यवस्थापन-प्रशिक्षणे, खाद्यपदार्थ कंपन्यांचे संशोधन विभाग, पाककलेचे अध्यापन, परदेशातील कामाचा परवाना अशा ठिकाणी कागद पाहिला जातो. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये मात्र सहसा तुम्हाला एक दिवस उभे करून काम पाहतात. अमेरिकेतील नामवंत शेफ थॉमस केलर कोणत्याही पाकशाळेत गेले नाहीत. स्पेनचे नामवंत शेफ फेरान आद्रिया यांची सुरुवात 1980 साली एका हॉटेलात भांडी घासण्यापासून झाली. अमेरिकेतीलच शेफ ग्रँट ॲकेट्झ यांनी 1994 साली पदवी घेतली आणि त्यानंतर काही वर्षे ते केलर यांच्याच स्वयंपाकघरात काम करत होते. या तीन नावांवरून कोणताही नियम काढता येत नाही आणि म्हणूनच अशी नावे जाहिरातीत दिसली, तर त्यांवर विसंबून कर्ज काढू नये.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, आधी सहा महिने काम करावे आणि मग फीचा विचार करावा. दहा-दहा तास उभे राहणे, कोपरापर्यंतचे चटके, सगळे जग सुट्टीवर असताना असलेली शिफ्ट हे सहन होते की नाही, ते माहितीपत्रक वाचून कळत नाही. दोन वर्षांनी हे क्षेत्र सोडणाऱ्याला पदवी सोडता येते, कर्ज सोडता येत नाही. सहा महिन्यांनंतरही ओढ टिकून असेल, तर कमी फीचा छोटा अभ्यासक्रम, पगारी उमेदवारी आणि पूर्ण पदवी हे तिन्ही पर्याय समोर ठेवून पगाराच्या महिन्यांत मोजावेत आणि संस्थेला नेमके प्रश्न विचारावेत. आठवड्यातले किती तास प्रत्यक्ष चुलीपाशी जातात? तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले किती विद्यार्थी आज याच क्षेत्रात आहेत आणि ते कोणत्या पायरीवर आहेत?

सकाळच्या सुट्टीत ती मुलगी मागच्या दाराच्या पायरीवर बसली आहे. कालच्या कामाच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर तिने तिची स्वतःची बेरीज मांडली आहे : 22 पगार, त्यांपैकी 9 तिच्या आणि घरच्यांच्या गाठीशी, 13 कर्ज. हप्ता किती वर्षांत विभागला तर तो वर्षाला दीड पगारापर्यंत खाली येतो, हे ती दुसऱ्यांदा करून पाहते आहे. संस्थेत फोन लावून तिने एकच प्रश्न विचारला आहे, की प्रात्यक्षिकाच्या वेळी एका चुलीमागे किती विद्यार्थी असतात. पलीकडून उत्तर आले की विचारून सांगतो, उद्या फोन करा. तिने कागदावर वेळ लिहून ठेवली आहे, आणि त्याखाली तिघांची नावे, जे तिथून शिकून आता याच शहरात काम करतात आणि ज्यांना ती मुदतीच्या आधी भेटणार आहे.