रात्रीचं दारं धरणं आणि बांधावरची निरगुडी

दिवाळी झाली की आमच्याकडं थ्री फेजची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा लागला की खोरं, बॅटरी अन घोंगडी घ्यायची आणि गव्हाला दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी सोडायला, निघायचं. हा बालाघाटचा डोंगर, बीड जिल्ह्यातला पाटोदा तालुका, मांजरा नदी इथूनच निघते. थंडी, साप, रानडुकरं हे सगळं असतंच, पण दारं धरणाऱ्याला विचारा, तो आधी डासांचं नाव घेईल. ओल्या सरीत पाय, हात चिखलाचे, मारायचं म्हटलं तरी कशानं मारणार?

माझे वडील खिशात क्रीम नेत नाहीत, जाताना ओढ्याच्या काठाची निरगुडी ओरबाडून नेतात.

ही बघा निरगुडी. एका देठाला तीन नाहीतर पाच पानं, हाताच्या बोटांसारखी, वरून हिरवी अन खालून पांढरट, फुलं बारीक निळसर जांभळी. चोळून वास घ्या, उग्र, नाकात बसणारा. शेरडं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून आमच्याकडं कुंपणालाच लावतात. वडील मूठभर पाला तळहातावर चुरगळतात आणि पायाला, हाताला, मानेला चोळतात.

यात जादू काही नाही. आपल्याला चावते ती डासाची मादी, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं, आणि ती आपल्याला शोधते ती आधी श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, मग जवळ आली की घामाचा वास आणि अंगाची ऊब यावरून. पानात जे सुगंधी तेल असतं ते चुरगळल्यावर बाहेर पडतं, हवेत उडतं आणि तिचा माग बिघडवतं. पण उडतं म्हणूनच ते टिकत नाही, हे नीट लक्षात घ्या. अर्ध्या-पाऊण तासात डास परत घोंगावायला लागले तर पाला खोटा नसतो, त्यातलं तेल संपलेलं असतं. वडील प्रत्येक वाफा भरला की नवा पाला चोळतात, त्यांनी ही गोष्ट पुस्तकात वाचलेली नाही.

कडुलिंबाचं तसं नाही. लिंबोळीचं तेल जड, ते हळू उडतं. आमची आजी खोबरेल तेलात थोडंसंच घालायची, माप सांगायचं तर 100 मिली खोबरेलात 2 मिली, जास्त घातलं की अंग चुरचुरतं. पहिल्यांदा लावताना मनगटावर ठिपका लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा. आणि हे तेल लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, लहान मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं.

माळावर तिखाडी पण आहे, रोशा गवत म्हणतात तेच, त्याचं तेल काढून अत्तरवाल्यांना जातं. हातात चोळलं की गुलाबासारखा वास, डासांवर थोडाफार चालतो, पण निरगुडीसारखा झणका नाही.

आता धूर. शेणाची गोवरी पेटवायची, निखारा झाला की त्यावर ओला लिंबाचा नाहीतर निरगुडीचा पाला टाकायचा. वाळलेला टाकला तर नुसता जाळ होतो, धूर होत नाही. शेकोटी वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायची म्हणजे धूर आपल्याकडं येतो. गोठ्यात पण हेच, गोमाशा कमी होतात. पण दम्याचं माणूस, बाळंतीण, तान्हं लेकरू असलं तर नाही, धूर तो धूरच, छातीत बसतो. बंद खोलीत तर अजिबात नको.

काही झाडांना मात्र सांभाळून. सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावतात, आमच्या भागात सीताफळ भरपूर म्हणून ही सवय जुनी आहे, पण त्याचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होते, म्हणून मी कुणालाच हे सांगत नाही. घाणेरीचा पाला शेरडामेंढरांनी खाल्ला तर यकृत बिघडतं, तोडलेल्या फांद्या दावणीजवळ टाकू नका. गाजरगवताला तर हातच लावायचा नाही, अंगावर खाज आणि फोड उठतात.

आणखी एक, मनापासून. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, घराजवळच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर आला की पिंप, टाकी, घागर सगळं भरून ठेवावं लागतं. तिथं निरगुडी पुरत नाही, पिंपावर झाकण, आठवड्यातून एकदा पाणी ओतून घासायचं, आणि निजताना मच्छरदाणी.

मला दुसरीच चिंता आहे. आता बांध साफ ठेवायचा म्हणून तणनाशक मारतात नाहीतर पेटवून देतात, त्यात निरगुडी जाते. ओढ्याची एक बाजू आमच्या डोळ्यांदेखत मोकळी झाली. म्हणून यंदा मी पावसाळ्यात बोटभर जाडीच्या फांद्या तोडून बांधाला खोचल्या. निरगुडी फांदीवरूनच लागते. बऱ्याच फुटल्यात.

पहाटे चारला लाइट गेली. मोटार बंद, शेवटचा वाफा अर्धाच भरलाय. वडील खोऱ्यानं निखाऱ्यावर ओली माती ओढतात, वर दोन ओंजळी पाणी टाकतात, कारण शेजारच्या रानात तुरीच्या वाळक्या काड्या पडल्यात. मग घोंगडी खांद्यावर.