सात वाजून पाच मिनिटं

मित्रहो, कराडच्या आमच्या घरात घड्याळ एकच होतं आणि ते आजोबांच्या खोलीत. स्वयंपाकघर चालायचं रेडिओवर. संकेतधून, वंदे मातरम् आणि मग सनई सुरू झाली की आई चुलीपाशी आणि आम्ही अंथरुणात. सहा पंचावन्नला दिल्लीहून संस्कृत बातम्या लागायच्या. ‘इयम् आकाशवाणी. संप्रति वार्ताः श्रूयन्ताम्. प्रवाचकः बलदेवानन्दसागरः.’ बातम्यांतलं आम्हाला अक्षर कळत नसे, पण ही तीन वाक्यं गल्लीतल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ. १९७४ च्या जूनमध्ये ही बातमीपत्रं सुरू झाली. शाळेत संस्कृत शिकायला लागलो तेव्हा ‘श्रूयन्ताम्’ हे रूप मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्र. प्रादेशिक बातम्या. आधी केंद्राचं नाव, मग वृत्तनिवेदिकेचं: सुधा नरवणे.

हे नाव मी घेतल्याबरोबर पुढच्या रांगांतल्या काही माना हलल्या, म्हणजे मला जास्त सांगायला नको. तरी पावसाळ्यातली एक गोष्ट सांगतो. कराडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात. वर कोयना धरण, साठा शंभर टीएमसीच्या पुढचा. जुलै-ऑगस्टमध्ये धरणाचे दरवाजे किती फुटांनी उचलले आणि किती क्युसेक पाणी सोडलं, यावर आमच्या नदीकाठच्या मळीच्या रानाचं आणि गोठ्यातल्या जनावरांचं ठरायचं. सात पाचला आजोबा हात वर करायचे आणि घर चिडीचूप व्हायचं. तव्यावरची भाकरीसुद्धा आई हळूच उलटायची.

बाईंचा आवाज तेव्हाही चढत नसे. पाणी वाढलंय हे त्या ज्या स्वरात सांगत, त्याच स्वरात पुढची बातमी. आकड्याआधी एक अगदी लहानसा विराम, आणि मग आकडा स्पष्ट. पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला तो लिहून घेता यावा एवढा वेळ त्यात असे. आजोबा खरंच लिहून घेत, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. भीती त्या आवाजात नव्हती, म्हणून आम्हीही घाबरलो नाही. जनावरं मात्र वेळेवर वर नेली. मी पुढे बरीच वर्षं माईकसमोर उभा राहत आलो. निवेदन म्हणजे काय हे मला त्या पाच-दहा मिनिटांनी शिकवलं. गावांची नावं तर त्या अशी उच्चारत की त्या गावच्या माणसाला आपल्याला कुणी हाक मारली असं वाटावं. ‘ळ’ हा ‘ळ’च, ‘ण’ हा ‘ण’च.

साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या, दत्ता कुलकर्णींचा भारदस्त आवाज. तोवर दप्तर पाठीवर नसेल तर शाळेला उशीर ठरलेला. धाकटे काका मधल्या वेळात रेडिओ सिलोन लावायचे. आठ वाजायच्या आत शेवटचं गाणं सैगलचं, आणि लघुलहरींवर ते लाटेसारखं येई-जाई. सिलोनला हा श्रोता मिळाला त्याला एक मराठी मंत्री कारण झाले, बाळकृष्ण केसकर. त्यांनी आकाशवाणीवरची सिनेगीतं आवळली, मग लोकांनी काटा सिलोनकडे फिरवला आणि १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली.

पण आमच्या घरातलं माणूस म्हणजे नरवणेबाई. त्यांचा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता. २०१९ च्या अखेरीस मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले आणि ते त्यांचे चिरंजीव असल्याचं वाचलं, तेव्हा मी पहिल्यांदा विचार केला की सात पाचला आमच्या घरी येणाऱ्या या बाईंना स्वतःचंही घर होतं, तिथंही सकाळी डबे भरायचे असणार.

कधी त्यांच्या जागी दुसरा आवाज लागला, तर आजी चुलीपासून म्हणायची, “बाई रजेवर दिसतात. तब्येत बरी असेल ना?” मग दोन-चार दिवसांनी सात पाचला तोच आवाज आला की आजोबा हात वर करायच्या आधी आत बघून नुसतं म्हणायचे, “आल्या गं.”