मराठी न येणाऱ्यांनी तोललेली मराठी

हे मुंबई हायकोर्ट. हा जिना, हा लांब व्हरांडा, आणि हे सेंट्रल कोर्ट. 13 जुलै 1908 ला लोकमान्य टिळक इथे आरोपी म्हणून उभे राहिले.

गुन्हा काय, तर राजद्रोह, आणि तोही केसरीतल्या दोन अग्रलेखांवरून. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. मुझफ्फरपूरला बॉम्ब पडून दोन इंग्रज बायका मेल्या होत्या आणि टिळक लिहीत होते की बॉम्ब वाईटच, पण पोरांवर ही वेळ कोणी आणली ते सरकारने बघावं, नुसत्या दडपशाहीने हे थांबणार नाही.

आता हा जुना अंक बघा. अख्खा मराठीत. सरकारने मात्र स्पेशल ज्यूरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवायला खास निवडलेली माणसं, मागितली. टिळकांच्या बाजूने वकील जोसेफ बॅप्टिस्टा, आपल्या माझगावचे, यांनी विरोध केला की अशा ज्यूरीत युरोपियनच जास्त येणार आणि त्यांना मराठी येत नाही. ऐकलं नाही. नऊ जण बसले, सात युरोपियन आणि दोन पारशी, आणि त्यांच्या हातात काय तर इंग्रजी भाषांतर! ज्या भाषेसाठी माणसाला शिक्षा करायची ती भाषाच वाचता येत नाही, याला न्याय कसा म्हणायचा?

आणि जज कोण, तर दावर. टिळकांवरच्या 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात हेच दावर टिळकांचे वकील म्हणून जामीन मागत होते, आता बॅरिस्टर जिनांनी टिळकांसाठी जामीन मागितला तर यांनीच नाकारला.

टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, 21 तास 10 मिनिटं. भाषांतरात अर्थ कुठे बदललाय, मराठीत त्या शब्दाला कुठली छटा आहे, एकेक शब्द धरून ते सांगत राहिले, त्यांच्याच लेखातली मराठी त्यांनाच इंग्रजीत समजावून सांगावी लागत होती.

22 जुलैच्या रात्री निकाल, सात विरुद्ध दोन, दोषी. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस.

ही दाराजवळची पाटी. ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोषच, हे त्यांनी त्या रात्री कोर्टाला सांगितलं, तेच शब्द. 1956 मध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागलांनी ही पाटी लावली, त्याच कोर्टात.

शिक्षा सहा वर्षं, मंडाले. आणि ही परळच्या गिरणीची चिमणी. या शिक्षेच्या निषेधात, शिक्षेच्या दर वर्षामागे एक दिवस असे सहा दिवस गिरण्या बंद राहिल्या, लष्कराने गोळ्या चालवल्या, कामगार मेले.