अर्धवट फाईल आणि शेवटची तारीख
(तरुण सनदी लेखापाल आणि कर सल्लागारांसमोर कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

वाढत्या कार्यालयात मुदती कशा सांभाळाव्यात, हा विषय मला देण्यात आला आहे. तारखा तर येथे बसलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहेत. सात तारखेला टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचा भरणा, अकराला जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र, पंधराला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), वीसला जीएसटीआर-३बी हे कर भरण्याचे विवरणपत्र, महिनाअखेरीस व्यवसाय कर. त्यावर तिमाही टीडीएस विवरणपत्रे, चार वेळा आगाऊ कर, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सप्टेंबरअखेरचे टॅक्स ऑडिट, म्हणजे प्राप्तिकरासाठीचे लेखापरीक्षण. इतके सारे पाठ असूनही आपल्या कार्यालयांत सप्टेंबर महिन्यात रात्री अकरापर्यंत दिवे जळत असतात आणि आर्टिकलशिप करणाऱ्या, म्हणजे सीए होण्यासाठी हाताखाली काम शिकणाऱ्या मुलामुलींची शेवटची एसटी चुकते. याचा दोष मी बरीच वर्षे सरकारी तारखांना, पोर्टलला आणि उशिरा कागद देणाऱ्या क्लायंटना देत आलो. त्यांचा वाटा त्यात आहेच. परंतु आमच्या कार्यालयातील बहुतेक उशीर जिथे घडत होता ती जागा माझ्याच टेबलापासून चार फुटांवर होती, आणि तिच्याविषयी मला आज बोलायचे आहे.

एक प्रसंग सांगतो. आमच्या एका क्लायंटचे चौथ्या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र ३१ मेपर्यंत दाखल व्हायचे होते. सगळ्या नोंदी झाल्या होत्या, चलने जुळली होती, फक्त एका कर्मचाऱ्याचा पॅन चुकीचा लागत होता. चुकीच्या पॅनवर विवरणपत्र भरले तर जास्त दराने कर कापायला हवा होता अशी मागणी मागाहून येते, म्हणून आमच्या सहकाऱ्याने योग्य तेच केले आणि क्लायंटकडे पॅन मागितला. फाईलवर एक पिवळी चिठ्ठी लावली, 'पॅन येतोय' एवढेच तिच्यावर लिहिले आणि फाईल खिडकीजवळच्या कपाटावर ठेवली. पॅन दोन दिवसांनी आला, तो माझ्या व्हॉट्सअॅपवर. मी तो पाहिला, 'बरं' असे उत्तर दिले आणि दुसऱ्या कामाला लागलो. सहकाऱ्याला वाटले, अजून आला नाही. मला वाटले, भरले असेल. ९ जुलैला क्लायंटच्या एका कर्मचाऱ्याने फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, मागितला, तेव्हा ती फाईल कपाटावरून खाली आली. ३९ दिवस, दिवसाला २०० रुपये, म्हणजे ७,८०० रुपये विलंब शुल्क झाले. हे शुल्क कापलेल्या करापेक्षा जास्त होत नाही, पण कापलेला कर त्याहून बराच जास्त असल्यामुळे त्या कमाल मर्यादेचाही आधार मिळाला नाही. ते पैसे आम्ही कार्यालयाच्या खात्यातून भरले. पैशांपेक्षा मला जास्त लागले ते हे, की त्या ३९ दिवसांत कोणीही आळस केला नव्हता. त्या विवरणपत्राचे उरलेले काम वीस मिनिटांचे होते.

कार्यालय लहान असते तेव्हा असे होत नाही. एक सीए, एक सहायक, साठ-सत्तर क्लायंट असतात, तोवर प्रत्येक फाईल कुठवर आली हे त्या एका माणसाच्या डोक्यात असते, आणि ते डोके हीच कार्यालयाची नोंदवही असते. क्लायंट दोनशेवर गेले, दोन सहायक आणि तीन आर्टिकल आले, की तेच काम चार हातांतून जाऊ लागते. एकाने नोंदी करायच्या, दुसऱ्याने बँकेचा ताळमेळ घालायचा, तिसऱ्याने छाननी करायची, चौथ्याने क्लायंटच्या फोनवरचा ओटीपी मागून घ्यायचा. प्रत्येक हातबदलाच्या ठिकाणी फाईल थांबते आणि त्या थांबण्याची नोंद कुठेही नसते. आपण टाइमशीट ठेवतो ती माणसाने काय केले याची. फाईल किती दिवस नुसती पडून होती, हे त्यात दिसत नाही.

त्या जुलैत आम्ही कार्यालयातील सगळ्या उघड्या फाईली मोजल्या. उघडी फाईल म्हणजे जिच्यावर काम सुरू झाले आहे आणि जी अजून दाखल झालेली नाही. ऑडिटच्या अशा ४० फाईली निघाल्या. आठवड्याला आमच्याकडून सरासरी चार ऑडिट पूर्ण होत होती. रांगांच्या गणितात एक साधा नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता प्रसिद्ध केली: व्यवस्थेत सरासरी जितकी कामे असतात, त्यांना पूर्ण होण्याच्या वेगाने भागले की एका कामाला लागणारा सरासरी काळ मिळतो. चाळीसला चारने भागा, दहा आठवडे येतात. म्हणजे क्लायंट 'साहेब, आमचं कधी होणार?' असे विचारत होता आणि मी मनापासून 'या आठवड्यात करू' म्हणत होतो, तेव्हा खरे उत्तर दहा आठवडे असे होते. मी त्याला फसवत नव्हतो, मला ते ठाऊकच नव्हते.

त्यानंतर आम्ही ठरवले की एका माणसाच्या हाती एका वेळी तीनच ऑडिट असतील. चार जण ऑडिटवर असल्याने उघड्या फाईली बारावर आल्या आणि एका फाईलचा काळ तीन आठवड्यांवर. केवळ एवढ्याने आठवड्याला चारची पाच ऑडिट होत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. मात्र दहा आठवड्यांपूर्वी सोडलेली फाईल पुन्हा उघडली की मुलगा पहिला अर्धा दिवस आपणच लिहिलेल्या शेऱ्यांचा अर्थ लावण्यात घालवतो, क्लायंटला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतो आणि क्लायंटचा आपल्यावरचा विश्वास तिथे थोडा झिजतो. तो अर्धा दिवस वाचतो, आणि चाळीस फाईलींवर ते वीस दिवस होतात.

तीन फाईलींचा नियम पाळायचा तर अपुऱ्या कागदांची फाईल आत घेता येत नाही, कारण ती तीनांतली एक जागा अडवून बसते. ही अट आमच्या मुलांना सर्वांत जड गेली, आणि मलाही. एखादे जुने व्यापारी कापडी पिशवीतून बिले घेऊन येतात, चहा पितात, 'उरलेलं पाठवतो' म्हणतात आणि आपण संकोचाने पिशवी ठेवून घेतो. त्या क्षणी त्यांच्या मनातून काम आपल्याकडे आलेले असते. आता आमच्याकडे प्रत्येक प्रकारच्या कामासाठी एका पानाची यादी आहे: सर्व खात्यांची मार्चअखेरपर्यंतची बँक स्टेटमेंट, मालसाठ्याचा तपशील सहीसह, कर्जाचे दाखले, डिजिटल सहीची वैधता कधी संपते ती तारीख. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना देणे असलेल्या रकमांची, बिलाच्या तारखेसह यादीही त्यात आहे, कारण कायद्याने ठरवलेल्या पंधरा किंवा कराराच्या कमाल पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले नसतील, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. इचलकरंजीच्या कापड व्यवहारात ही यादी सप्टेंबरात मागणे म्हणजे क्लायंटला झालेले नुकसान दाखवणे होय. ती फेब्रुवारीत मागितली तर मार्चमध्ये पैसे देऊन कर वाचवता येतो. पिशवी आम्ही आजही ठेवून घेतो, पण तिच्यावर 'कागद अपुरे' असे लिहितो, काय बाकी आहे ते पान व्यापाऱ्यांच्या हाती देतो आणि फाईलला क्रमांक देत नाही. क्रमांक मिळाला की काम सुरू झाले, हे आता क्लायंटनाही कळते, आणि काही जण स्वतःहून फोन करून 'आमचा नंबर लागला का?' असे विचारतात.

मासिक जीएसटीचे दुखणे थोडे निराळे आहे. खरेदीचे जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून बनणारे विवरण, चौदा तारखेला तयार होते आणि ३बी वीसला भरायचे असते, म्हणजे इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) जुळवायला महिन्याचे हे सहाच दिवस. अनेक कार्यालये खरेदीच्या नोंदीही याच सहा दिवसांत करतात, मग जुळवणीला वेळ उरत नाही आणि जे दिसते ते क्रेडिट घेऊन टाकले जाते. खरेदीच्या नोंदी दहा तारखेच्या आत संपवाव्यात, चौदाला फक्त तुलना उरावी, आणि सतरापर्यंत कराची रक्कम क्लायंटला लिहून कळवावी. वीसच्या दुपारी पोर्टल मंद झाले तर आपण काही करू शकत नाही, पण क्लायंटला पैशांची सोय करायला तीन दिवस देणे आपल्या हातात असते. तिमाही विवरणपत्राचे जे क्लायंट आहेत, त्यांची ३बीची तारीख महाराष्ट्रात २२ असल्याने तिमाहीअखेरच्या महिन्यात आपोआप दोन दिवस सुटे मिळतात. ते दुसऱ्या कामात घालवू नयेत.

आता छाननीबद्दल, कारण येथे दोष मालकाचा असतो आणि त्याला तो कोणी सांगत नाही. आम्ही कार्यालयाच्या फलकावर 'छाननीसाठी' असा रकाना केला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यात चौदा फाईली साठल्या आणि त्या सर्व माझ्याकडे होत्या. मुले दोन-तीन दिवसांत काम संपवत होती आणि मी एकेक फाईल आठ-आठ दिवस ठेवत होतो, कारण मी फोन घेत होतो, क्लायंटना भेटत होतो, नोटिशींची उत्तरे लिहीत होतो. तेव्हापासून सकाळी दहा ते बारा मी फोन घेत नाही. त्या दोन तासांत फक्त छाननी होते. ज्येष्ठ सहकारी आधी ठरलेले मुद्दे तपासतो, म्हणजे मागील वर्षाच्या शिलका, कर्जावरील व्याज, जीएसटीतील उलाढाल आणि पुस्तकातील उलाढाल यांतील फरक. माझ्यापर्यंत येतात ते निर्णयाचे प्रश्न. पहिला महिना काही क्लायंट नाराज झाले. आज तेच बारा वाजून पाच मिनिटांनी फोन करतात.

हे सर्व बसवल्यावरही एक हिशेब राहतो, तो क्षमतेचा. आमच्याकडे त्या वर्षी ५८ ऑडिट होती. एक जुलै ते वीस सप्टेंबर हे साधारण अकरा आठवडे, आठवड्याला चार याप्रमाणे ४४ ऑडिट. उरलेली चौदा आम्ही दरवर्षी शेवटच्या दहा दिवसांत रात्री जागून करत होतो आणि त्याला 'सीझन' म्हणत होतो. त्यातच सीएच्या परीक्षा आता सप्टेंबरातही होतात, म्हणजे नेमके कामाचे हात अभ्यासाच्या रजेवर जातात, आणि ती रजा त्यांच्या हक्काची आहे. ती मोडायला सांगणारा सीए स्वतःचे विद्यार्थिपण विसरला आहे असे मी समजतो. म्हणून आम्ही त्या चौदा फाईली सप्टेंबरातून हलवायचे ठरवले. ज्यांची पुस्तके महिन्याच्या महिन्याला आमच्याकडेच लिहिली जातात, असे नऊ क्लायंट निघाले. त्यांना सप्टेंबरपर्यंत थांबवण्याचे सवयीखेरीज काही कारण नव्हते. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण वर्षअखेरीपासून चार महिन्यांत करायचे असल्याने ते जुलैअखेर संपतेच, पण तेही आम्ही एप्रिलपासून सुरू करू लागलो. उरलेल्यांपैकी तीन क्लायंटना आम्ही शुल्कात थोडी सवलत देऊन जूनमध्ये यायला राजी केले. दोघांना, जे दरवर्षी २८ सप्टेंबरला कागद आणत, नम्रपणे सांगितले की पुढील वर्षी हे काम आमच्याकडून होणार नाही. त्यांतील एकांकडे आम्ही बारा वर्षे जात होतो, आणि ते पत्र लिहायला मला दोन दिवस लागले.

मुदतवाढीविषयी विचारले जाते. २०२५ साली ज्यांना ऑडिट लागत नाही त्यांच्या विवरणपत्राची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर आणि शेवटी आणखी एक दिवस पुढे गेली. वाढ मिळाल्याचे समाधान झाले, पण १५ सप्टेंबर हीच आगाऊ कराच्या दुसऱ्या हप्त्याची तारीख, आणि ऑडिटचा ऐन महिना. जुलैत जे कागद आले असते ते ऑगस्टअखेर आले आणि ऑडिटच्या फाईलींवर येऊन पडले. पुढे ऑडिट अहवालाचीही मुदत वाढली, पण ती जाहीर होईपर्यंत मुलांनी सप्टेंबरचा बराचसा महिना ताणात काढला होता. आम्ही आमची आतली, म्हणजे कार्यालयाने स्वतःपुरती ठरवलेली २० जुलै ही तारीख त्या वर्षी हलू दिली, ही माझी चूक होती. आता घोषणा काहीही झाली तरी ती तारीख बदलत नाही, आणि क्लायंटना एप्रिलमध्ये जे पत्र जाते त्यात सरकारी तारखेचा उल्लेखच नसतो, फक्त आमची तारीख असते.

खिडकीजवळचे ते कपाट आम्ही काढून टाकले. कशाची तरी वाट पाहणाऱ्या फाईलींची यादी आता दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मोठ्याने वाचली जाते: कोणाची वाट, कधीपासून, पुढचा फोन कोण करणार. क्लायंटचे कागद माझ्या फोनवर आले तर ते कार्यालयाच्या मेलवर पाठवेपर्यंत मी उत्तर देत नाही. गेल्या सोमवारी यादीत अकरा फाईली होत्या, त्यांपैकी दोन माझ्या सहीसाठी थांबलेल्या होत्या. येथे येण्यापूर्वी त्या दोन्हींवर सही करून आलो आहे. उरलेल्या नऊ गुरुवारी पुन्हा वाचल्या जातील.