जमीन जागेवर, नोंद नवी

[दृश्य: मॅनहॅटनचा रस्ता, पहाट. पिवळी टॅक्सी कडेला थांबते.]

प्रवासी उतरतो, मीटर बंद होतो आणि एक ओळ तयार होते. कुठून बसला, कुठे उतरला, किती मैल, किती भाडं, किती टिप. न्यूयॉर्कमधल्या पिवळ्या टॅक्सीच्या फेऱ्यांच्या या ओळी शहराच्या टॅक्सी अँड लिमोझिन कमिशनकडे जमा होतात. एकट्या जानेवारी २०२३ च्या फाइलमध्ये त्या ३०,६६,७६६ आहेत.

२०१४ मध्ये न्यूयॉर्कमधले डेटा अभ्यासक ख्रिस व्हाँग यांनी तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली आदल्या वर्षाचा डेटा मागितला, तेव्हा त्यांना कमिशनच्या कार्यालयात नवी कोरी हार्ड डिस्क न्यावी लागली होती. १७ कोटींहून जास्त फेऱ्या तिच्यावर भरून मिळाल्या. आज तेवढी पायपीट नाही. २००९ पासूनच्या फेऱ्या, दर महिन्याची एक फाइल, कमिशनच्या संकेतस्थळावर खुल्या आहेत. मे २०२२ पासून त्या सीएसव्ही या साध्या मजकूर-फाइलींऐवजी पार्केट या कॉलमवार साठवणाऱ्या स्वरूपात मिळतात.

समजा, त्या सगळ्या उतरवून आपण क्लाउडवरच्या आपल्या स्टोरेजमध्ये ठेवल्या. आता त्यांचं एक टेबल करायचं आहे, ज्याला प्रश्न विचारता येतील. इथे बरेच जण एक चूक करतात, आणि ती मला फार लागते, कारण ती टाळता येण्यासारखी आहे. ते प्रत्येक फाइल उघडतात, ओळ न् ओळ वाचतात आणि तोच मजकूर नव्या फाइलमध्ये पुन्हा लिहून काढतात.

[दृश्य: शेताचा बांध. मग सातबारा उतारा.]

आपल्याकडे शेत एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होतं, तेव्हा माती कोणी हलवत नाही. शेत जागेवरच राहतं. तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होते आणि सातबाऱ्यावर नवं नाव चढतं.

लेकहाउस म्हणजे असंच दप्तर. खाली स्वस्त स्टोरेज, त्यात पडलेल्या फाइली. हा झाला डेटा लेक. त्यावर एक नोंदवही बसवली, की तेच साठवण डेटाबेससारखं वागू लागतं. बदल झाला तर पूर्ण होतो, नाहीतर होतच नाही, आणि कालचं टेबल कसं होतं तेही पाहता येतं. अशा नोंदवह्यांपैकी एक म्हणजे अपाची आइसबर्ग. २०१७ मध्ये नेटफ्लिक्समध्ये तिचं काम सुरू झालं. त्याआधीच्या, फाइलींची टेबलं करणाऱ्या हाइव्ह पद्धतीत फोल्डरमध्ये जे सापडेल ते टेबल, असा हिशेब असे. दर वेळी फोल्डर चाळत बसावं लागे. आइसबर्गच्या वहीत प्रत्येक फाइलचं नाव स्वतंत्र लिहिलेलं असतं.

आणि फेरफार करायला फाइल पूर्ण वाचावी लागत नाही. यामागे पार्केटची रचना आहे, आणि ती मला मनापासून आवडते. या फाइलचं सार तिच्या शेपटीत असतं. अगदी शेवटचे चार बाइट म्हणजे ‘पीएआर१’ ही खूण. त्याआधीच्या चार बाइटांत फूटरची, म्हणजे शेवटच्या सारांशाची, लांबी. तेवढं मागे सरकलं की फूटर हाती लागतो: कोणते कॉलम, कोणत्या प्रकारचे, किती ओळी, कॉलममधली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठी किंमत. जानेवारी २०२४ ची फाइल सुमारे ५० एमबीची आहे, पण नोंदीसाठी तिचं शेपूट पुरतं. मोठा डेटा हाताळणाऱ्या स्पार्क या प्रणालीत आइसबर्गची ‘ॲड फाइल्स’ ही प्रोसीजर, म्हणजे तयार आज्ञा, नेमकं हेच करते. फूटर वाचते, वहीत नोंद करते. डेटा जागचा हलत नाही.

[दृश्य: दोन फाइलींचे कॉलम शेजारी शेजारी.]

मात्र मोजणी न करता फेरफार केला, तर पुढे बांधावरून भांडणं होतात. ‘ॲड फाइल्स’ कॉलमचे प्रकार तपासत नाही. जानेवारी २०२३ च्या फाइलमध्ये विमानतळ शुल्काचा कॉलम ‘airport_fee’ असा छोट्या ‘ए’ने लिहिला आहे, फेब्रुवारीपासून तोच मोठ्या ‘A’ने. आइसबर्गने न लिहिलेल्या या पार्केट फाइलींत आइसबर्गचे कॉलम क्रमांक नसतात, म्हणून ओळख नावावरून पटवावी लागते. नाव जुळलं नाही, की त्या महिन्याचं शुल्क गुपचूप रिकामं दिसतं. कुठे चूक दाखवणारी लाल अक्षरं येत नाहीत. उपाय सोपा आहे: आइसबर्गला दिलेल्या नावांच्या यादीत एकाच कॉलमसमोर दोन्ही नावं लिहायची. पण त्यासाठी आधी पाहावं लागतं.

प्रवासीसंख्येचं दुखणं त्याहून मोठं. जानेवारीपर्यंत ती दशांश संख्या होती, फेब्रुवारीपासून पूर्णांक. पूर्णांकाच्या टेबलात दशांशाची फाइल नुसत्या नोंदीने बसत नाही. त्या जुन्या फाइली वाचून, प्रकार बदलून पुन्हा लिहाव्याच लागतात. तिथे आळस करू नये.

फेब्रुवारी २०२३ ते डिसेंबर २०२४ या २३ फाइलींची नोंद मात्र खुशाल करावी, तीही एकाच दमात. एकेका फाइलीसाठी वेगळी नोंद केली, तर प्रत्येक वेळी वहीचं नवं पान तयार होतं, आणि दोघांनी एकाच वेळी लिहायला घेतलं तर एकाला थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो.

आता तारखा. जानेवारी २०२३ च्या फाइलमध्ये २००८ सालची तारीख असलेली फेरी सापडते. मीटरचं घड्याळ कुठेतरी चुकलेलं. अशा ओळी अगदी मोजक्या, पण वहीत फाइलची सुरुवात २००८ पासून लागते. मग कोणी २०१५ बद्दल विचारलं, तरी ही फाइल विनाकारण उघडली जाते. पुढच्या महिन्यांतही अशा भरकटलेल्या ओळी आहेत. म्हणून आधी नोंद, मग सवडीने मांडणी: टेबल आजच वापरात येतं, आणि मागे ‘रीराइट डेटा फाइल्स’ ही दुसरी प्रोसीजर चालवून ओळी तारखेप्रमाणे लावता येतात. तिथे फाइलचं नेहमीचं लक्ष्य ५१२ एमबी असतं, म्हणजे साधारण दहा महिने एका फाइलीत मावतात. हे चालू असताना वाचणाऱ्यांना धक्का लागत नाही. जुनी पानं तशीच राहतात.

[दृश्य: रिकामं होत जाणारं फोल्डर.]

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. नोंद झाली की मालकी बदलते. पुनर्लेखन झालं, जुने स्नॅपशॉट, म्हणजे वहीची जुनी पानं, मुदतीनंतर काढून टाकले, की आइसबर्ग मूळ फाइली खरोखर पुसू शकतं. शेजारची टीम त्याच फोल्डरमधून वाचत असेल, तर एका सकाळी तिच्या हाती काहीच राहणार नाही. म्हणून नोंद करण्याआधी मूळ फाइलींची एक प्रत वेगळ्या बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवा.

[दृश्य: सिक्स्टिएथ स्ट्रीट, कॅमेऱ्यांच्या कमानी.]

५ जानेवारी २०२५. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात गर्दी शुल्क सुरू झालं. त्या भागाला शिवणाऱ्या टॅक्सीच्या प्रत्येक फेरीमागे ७५ सेंट. त्या वर्षीच्या फाइलीत त्याचा नवा कॉलम आला. टेबलात एक कॉलम वाढवला, जानेवारीच्या फाइलची नोंद केली. जुन्या एकाही फाइलला हात लागला नाही. आता २०२४ च्या फेऱ्यांसमोर त्या रकान्यात रिकामी जागा दिसते, आणि पाच तारखेपासून त्या भागात शिरलेल्या टॅक्सींसमोर पाऊण डॉलर.