नऊ पावलांचा रस्ता आणि आमची हेरल्ड

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या मोटारींचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच नावे येतात. एक ॲम्बेसेडर आणि दुसरी फियाट. तिसरीचे नाव घ्यायला माणसे अडखळतात. मग एखादे आजोबा म्हणतात, "अरे, ती एक छोटी असायची ना, जिचं तोंड पुढं उघडायचं!" मी आज त्याच गाडीबद्दल बोलणार आहे. स्टँडर्ड हेरल्ड. आमच्या घरी ही गाडी बारा वर्षे होती. तिची योग्यता होती तेवढे कौतुक तिला कधी मिळाले नाही, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणून हे दहा मिनिटांचे बोलणे.

आमची गाडी 1965 सालची, दोन दारांची, बदामी रंगाची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती 1969 साली जुनी म्हणून विकत घेतली. त्यांचा पुण्यात लहानसा छापखाना होता. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट बघायचे ते दिवस होते, आणि अण्णांना वाट बघणे जमत नसे. दोनच दारे असल्यामुळे मागे बसायचे तर पुढची सीट दुमडून आत शिरावे लागे. आई नऊवारीत शिरायची, तीसुद्धा डबे सांभाळत. आम्हा मुलांना ते गुहेत शिरल्यासारखे वाटायचे.

गाडी मूळची इंग्लंडची. तिकडे तिचे नाव ट्रायम्फ हेरल्ड. 1959 च्या एप्रिलमध्ये ती बाजारात आली, कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीची. रेखाटन मात्र इटलीतल्या तुरिनचे, जोव्हानी मिकेलोत्ती यांचे. गाडी कागदावर होती तेव्हा तिचे टोपणनाव होते झोबो. झोबो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातून झालेले, तिबेटाकडचे ओझे वाहणारे जनावर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता तिची घडण. थोडक्यात सांगतो, कारण मला घाटात पोचायची घाई आहे. त्या काळी नव्या गाड्यांची सांगाडा आणि अंग अशी दोन्ही मिळून एकच पेटी होऊ लागली होती. स्टँडर्डला असे पूर्ण अंग करून देणारा जो कारखाना होता, फिशर अँड लडलो, तो 1953 साली बीएमसी या प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. मग स्टँडर्डने जुनीच वाट धरली. खाली वेगळी चासी, म्हणजे सांगाडा, आणि वर वेगवेगळ्या ठिकाणी केलेले पत्र्याचे भाग बोल्टांनी आवळून बसवायचे. तिकडे काही जणांनी याला मागासलेपणा म्हटले. पण बोल्टांनी जोडलेली गाडी सुटी करून पेट्यांत भरून परदेशी नेता येते आणि तिथे पुन्हा जोडता येते. तशी ती 1961 साली मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्समध्ये तयार होऊ लागली. कॉव्हेंट्रीची अडचण झाली म्हणून आपल्याला हेरल्ड मिळाली.

इंजिन 948 सीसीचे. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापले वरखाली होई. असे त्या काळी आपल्या रस्त्यावरच्या दुसऱ्या कुठल्या घरगुती गाडीला मी पाहिले नव्हते. आणि तो मुखडा! बॉनेट, दोन्ही मडगार्ड आणि हेडलाइट, सगळे एका तुकड्यात पुढच्या बाजूला कलते. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडायच्या, काचेकडची कड धरून उचलायची, की समोर सगळे इंजिन उघडे. अण्णा पुढच्या टायरवर बसून काम करत. पाटावर बसून भाजी निवडावी तसे. प्लग, पॉइंट, कार्बुरेटर, सगळे हाताच्या अंतरावर. हल्ली बॉनेट उघडले की काळे प्लास्टिकचे झाकण दिसते, आणि मुलांना आपल्या गाडीत काय आहे हे ठाऊकच नसते. इंजिन मुलांना दिसले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. घड्याळाचेही तेच, चावीचे घड्याळ एकदा तरी उघडून मुलाच्या हातात द्यावे. असो.

पण हेरल्डची खरी जादू वळण्यात होती. पंचवीस फूट. पुन्हा सांगतो श्रोतेहो, पंचवीस फुटांच्या वर्तुळात ही गाडी पूर्ण वळायची. लंडनच्या काळ्या टॅक्सीला कायद्याने जेवढ्या जागेत वळावे लागते, तेवढ्याच जागेत ही वळे. पुढची चाके इतकी तिरपी होत की बघणाऱ्याला वाटावे, आता निखळतात.

तर, भाद्रपद 1973. आधीच्या वर्षीचा, बहात्तरचा दुष्काळ तुमच्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. त्यानंतरच्या पावसाला लोक रस्त्यात थांबून हात जोडत होते. गौरी यायच्या दिवशी आम्ही पुण्याहून भोरमार्गे महाडकडे निघालो, आत्याकडे. अण्णा, आई, मी अकरा वर्षांचा आणि माझी धाकटी बहीण. वरंधा घाटात वाघजाईला नारळ ठेवला, भजी खाल्ली. वाघजाईची भजी पावसातच खावीत, उन्हात त्यांना ती चव येत नाही. आणि उतरायला लागलो.

मैलभर उतरलो असू. समोर एसटी उभी, आणि एसटीच्या पुढे दरड. माती, झाडे आणि खोलीएवढा एक दगड. पाच वाजत आले होते, धुके एवढे की दरीची कड दिसत नव्हती. एसटी वळवणे अशक्य. चालक म्हणाला, "साहेब, मी गाडी सोडत नाही. पण म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना वर वस्तीवर नेता आलं तर बघा. इथं वरून अजून माती सुटतीय." एसटीच्या चालकांबद्दल मला आजही फार आदर आहे. घाटात, पावसात, रात्री, पन्नास जीव मागे घेऊन ती माणसे जे करतात त्याला तोड नाही.

अण्णा उतरले. वळणाच्या पोटात रस्ता जरा रुंद होता. त्यांनी तो डोंगराच्या गटारापासून दरीकडच्या दगडांपर्यंत पावलांनी मोजला. एक, दोन, तीन... नऊ. नऊ पावले. माझ्याकडे बघून म्हणाले, "सत्तावीस फूट. आपल्याला पंचवीस लागतात."

माझ्या हातात बॅटरी दिली आणि मला दरीच्या कडेला, दगडांच्या आत, उभे केले. कंडक्टरने माझा दंड घट्ट धरला होता. "उजेड चाकावर ठेव, माझ्या डोळ्यांवर नको," एवढेच अण्णा म्हणाले. स्टीअरिंग पूर्ण कापले आणि गाडी हळूहळू फिरली. पुढचे चाक माझ्या बॅटरीच्या उजेडात आले, दगडापासून वीतभर अंतरावरून गेले, आणि बदामी गाडीचे तोंड वर, घाटमाथ्याकडे झाले. एका वळणात. मागेपुढे काही नाही.

पहिल्या खेपेत आई, बहीण आणि दोन लेकुरवाळ्या बायका गेल्या. वस्ती वाघजाईच्याही पलीकडे, दोन-अडीच मैलांवर. अण्णा त्यांना सोडून परत आले, की पुन्हा तेच. मी कडेला, बॅटरी चाकावर, वीतभर अंतर, एक वळण. दुसरी खेप, तिसरी खेप. धडधाकट पुरुष पायी निघाले होते. चौथ्या खेपेआधी इंजिन तापले. अण्णांनी कड्या सोडल्या, मुखडा पुढे कलवला. दिवे चालूच होते, तेही मुखड्याबरोबर वाकले आणि उजेड सरळ रस्त्यावर पडला. अण्णा टायरवर बसून रेडिएटरवर ओले फडके ठेवत होते. डोंगरातून झरा पडत होता, त्याखाली कंडक्टरने किटली धरली. वाट पाहून, इंजिन निवल्यावर, पाणी भरले. ते बसणे मला आज अगदी आत्ता बघितल्यासारखे दिसते. धुके, पाऊस, खाली पडलेला पिवळा उजेड, आणि त्यात गाडीच्या चाकावर बसलेले माझे वडील.

सगळ्यात शेवटी एक आजी राहिल्या. पहिल्या खेपेपासून त्यांना बोलावत होतो, त्या येईनात. मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेले गाठोडे. त्यात गौरीचे मुखवटे होते, पुण्याहून नव्याने रंगवून आणलेले. महाडजवळच्या गावी सून उंबऱ्यात वाट बघत होती. आजी म्हणत होत्या, "दादा, दरड काढतील की. गवर आज घरात जायला पायजे. मागं कशी नेऊ तिला?" देवीला निघालेल्या वाटेवरून परत फिरवायचे, हे त्यांना सोसवत नव्हते. अण्णा पावसात उभे राहून त्यांच्याशी बोलत होते. घाई केली नाही. म्हणाले, "आजी, घर कुणाचं का असेना, आज तिला उंबरा मिळाला म्हणजे झालं ना?" आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग उठल्या.

पुढच्या सीटवर आजी, त्यांच्या मांडीवर गौरी, मागे मी आणि कंडक्टर. पाचवी खेप. या वेळी बॅटरी धरायला एसटीचे चालक उभे राहिले. गाडी वळली, पाचव्यांदा, त्याच नऊ पावलांत.

वस्तीवर मोठ्या पडवीचे एक घर होते, सगळे तिथेच टेकले होते. त्या घरच्या बाईंनी त्यांची तेरड्याची गौर संध्याकाळीच घरात घेतली होती. पण गाडीतून आजी गाठोडे घेऊन उतरल्या आणि त्या माउलीला न सांगता सगळे कळले. ती आत गेली, ताट घेऊन बाहेर आली. आजींच्या पायांवर दूध-पाणी घातले, ओवाळले. पडवीत रांगोळीची पावले काढली, एसटीतल्या बायकांनी वाकून हळदकुंकू वाहिले. कुणीतरी थाळी वाजवायला घेतली. आणि घरातून विचारणे सुरू झाले.

"गवर आली?"

"आली!"

"कशाच्या पावली आली?"

एरवी उत्तर ठरलेले असते, पण क्षणभर कुणीच बोलेना. आणि माझी सात वर्षांची बहीण आईच्या पदराआडून मोठ्याने म्हणाली, "हेरल्डच्या पावली!"

बायका हसल्या. आजी हसल्या नाहीत. त्यांनी मागे वळून पावसात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सोन्याच्याच पावली म्हण, बाळा."

दरड दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. सकाळी बघतो तर गाडीच्या मुखड्यावर हळदीकुंकवाची पाच-पाच बोटे ओढलेली. झोबो नाव ठेवणाऱ्या त्या इंग्लंडच्या माणसांना हे कधी कळले नसेल, पण त्यांच्या ओझेवाहू जनावराची पूजा वरंधा घाटात झाली होती.

1981 साली अण्णांनी गाडी विकली. इंग्लंडमध्ये हेरल्ड 1971 सालीच बंद झाली होती, तोवर तिकडे पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या होत्या. आपल्याकडे चार दारांची हेरल्ड आली, मग तिच्यावरूनच केलेली गझेल आली, आणि सत्तरचे दशक संपायच्या आत तीही थांबली. ॲम्बेसेडर आणि फियाट पुढे कितीतरी वर्षे धावत राहिल्या, म्हणून त्या लोकांच्या आठवणीत राहिल्या. हेरल्ड मागे राहिली.

गेल्या हिवाळ्यात पुण्यात एका मैदानावर जुन्या गाड्या मांडल्या होत्या. कोपऱ्यात एक हेरल्ड दिसली, दोन दारांची. मालक तिशीतला मुलगा. मी त्याला मुखडा उघडायला सांगितले, त्याने आनंदाने उघडला. त्याची परवानगी घेऊन मी टायरवर बसलो. मग म्हटले, "एकदा पूर्ण वळवून दाखवता?"

त्याने स्टीअरिंग पूर्ण कापले आणि गाडी फिरवली. मातीत चाकांचे गोल वळण उमटले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मी ते पावलांनी मोजले.

आठ पावले झाली. नववे उरले.